जाणारी गाडी, येणारी गाडी

आमच्या इमारतीतली बाकीची माणसं बाहेर जात. घाडीगावकर सुटत.

सकाळी दुधाला निघाले की ते आधी दार ओढून घेत, मग किल्लीने जिन्याच्या लोखंडी कठड्यावर टण टण असे दोन ठोके देत, आणि तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. दूधकेंद्रमार्गे भाजीबाजाराकडे जाणारी गाडी दुसऱ्या मजल्यावरून सुटत आहे. ही गाडी लखमशीच्या दुकानावर थांबणार नाही." शेवटचं वाक्य लखमशी वाण्याशी भांडण चालू असेल तेव्हाच. भांडण मिटलं की थांबा पुन्हा सुरू होई, आणि तेही आम्हाला जिन्यातूनच कळे.

सगळी नोकरी त्यांनी एसटीच्या स्टँडवर लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारण्यात काढली होती. निवृत्त झाले तेव्हा स्पीकर तिथेच राहिला आणि आवाज घेऊन ते मुलुंडला घरी आले. घोषणा करायची ती शुद्ध, छापील मराठीत. गप्पा मुंबईच्या मराठीत. आणि राग आला किंवा जीव हलला की मालवणी. त्यामुळे त्यांच्या मनात काय चाललंय हे शब्दांआधी भाषेवरूनच कळायचं.

आडनाव घाडीगावकर, पण पोस्टमन सोडून सगळे त्यांना गाडीगावकर म्हणत. त्यांना राग नव्हता. "घ चा ग झाला, एवढंच. एक चाक निखळलं तरी गाडी चालतेय ना!"

एक गोष्ट मात्र माझ्या उशिरा लक्षात आली. त्यांचं सुटणं सगळ्या इमारतीला कळे, पण परत आलेलं कधी कुणाला कळत नसे. पिशवी सांभाळत मांजराच्या पावलांनी जिना चढत आणि दार लावून घेत. मी एकदा विचारलंसुद्धा, "एसटीत दोन ठोके म्हणजे चला आणि एक म्हणजे थांबा. तुमचे दोन रोज ऐकतो. एक कधी ऐकला नाही."

"थांबा उतरणाऱ्यासाठी असतो," ते म्हणाले. "उतरून घ्यायला कुणी उभं असलं तर मजा. तुमची गच्चीवरची टाकी भरून वाहतेय वाटतं."

मी धावत गच्चीवर गेलो. टाकी अर्धीच भरली होती. पण मी वर गेलो, यातच माझा स्वभाव आला.

मला अपराधी वाटायला कारण लागत नाही. माझा पाय दुसऱ्याच्या पायावर पडला तर मी माफी मागतो. दुसऱ्याचा माझ्या पायावर पडला तरी मीच मागतो. माझा पाय तिथे नसता तर बिचाऱ्याला अडखळावं लागलं नसतं. ऑफिसात वरिष्ठ कुणा दुसऱ्यावर ओरडले तरी मी उभा राहतो. माझी बायको सुमन म्हणते, "तुम्ही जन्मलात तेव्हा पण आधी सॉरी म्हणाला असाल." अशा माणसाच्या घरी बंड्या आला.

बंड्या तळमजल्यावरच्या नाईकांचा. कुत्रा म्हणजे काही मोठ्या खानदानाचा नव्हे. बदामी रंग, एक कान उभा, एक पडका, आणि शेपूट प्रश्नचिन्हासारखी. नाईकांना मस्कतला नोकरी लागली. मग बायकोमुलांचेही व्हिसा आले. बंड्याला कोणी व्हिसा देईना. एका भावाने ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं, तो आलाच नाही. टॅक्सी गेली आणि बंड्या कुलूपबंद दारासमोर बसून राहिला. पाणी ठेवलं तर पिईना. माझी मुलगी मेधा तेव्हा कॉलेजात होती. ती तिसऱ्या दिवशी त्याला उचलून वर घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, हा आपला."

दोन दिवस तो खाली का बसून राहिला, मी आधीच का नाही आणलं, हे मला लगेच खायला लागलं. त्यामुळे 'नाही' म्हणायचा प्रश्नच नव्हता.

आम्ही घरात असलो की बंड्यासारखा गुणी प्राणी नाही. सुमनच्या पायाशी बसून पोळ्या मोजायचा. अडचण एकच. सुमन टेलिफोन खात्यात, मी फोर्टात, मेधा कॉलेजात. शेवटच्या माणसाने दार ओढलं की बंड्या तोंड वर करून रडायला लागे. भुंकणं नव्हे. भुंकणं लोक सहन करतात. हे सूर लावून, श्वास घेऊन, पुन्हा पहिल्यापासून. जोडीला दाराचा कोपरा कुरतडणं. एकदा त्याने सुमनचं पोलकं, माझी एक चप्पल आणि गॅसच्या नंबराचं कार्ड एवढं सगळं एका दुपारी संपवलं.

सोसायटीचे सेक्रेटरी चौबळ आमच्या बरोबर खाली राहत. त्यांची रात्रपाळी, म्हणजे झोप दिवसा. ते भांडायला आले असते तर बरं झालं असतं. ते लाल डोळ्यांनी दारात उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "पाटकर, मी काही वाईट माणूस नाही हो. फक्त झोप येते." मी त्यांना खुर्ची दिली. ते खुर्चीतच झोपले.

मग सोसायटीची सभा झाली. कुणी म्हणालं, देवनारच्या पलीकडे सोडून या, तिथे खायलाही मिळतं. मेधा ताडकन उठून गेली. शेवटी ठरलं की गणपतीपर्यंत मुदत. सोसायटीचा गणपती बसायच्या आत कुत्रा शांत झाला तर राहील, नाहीतर जाईल. चौबळांनीच ही मुदत मागून दिली. त्याचंही मला वाईट वाटलं. एवढे दिवस त्यांनी झोपायचं कसं?

मदत शोधायला लागलो. घाटकोपरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी बंड्याचे दात पाहिले, पोट दाबलं आणि म्हणाले, "कुत्रा ठणठणीत आहे. तुमचा चेहरा मात्र मला बरा दिसत नाही." मला टॉनिक लिहून दिलं.

सुमनच्या मैत्रिणीने सुचवलं, रेडिओ लावून ठेवा, त्याला सोबत वाटेल. लावला. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम त्याने अगदी मन लावून ऐकला, असं चौबळांनीच सांगितलं. खतांवरची मुलाखत संपली, निवेदिकाबाई म्हणाल्या, "बरं मंडळी, येतो आम्ही," आणि लागोलाग बाईंच्या आवाजावर बंड्याचा सूर.

मग अंधेरीचे एक गृहस्थ मिळाले. पूर्वी मोठमोठ्या बंगल्यांतली कुत्री शिकवायचे. खाकी अर्धी चड्डी, हातात छडी. "सिट!" म्हणाले, बंड्या बसला. "स्टे!" म्हणाले, बंड्या हललासुद्धा नाही. आम्ही तिघं भारावून गेलो. चहा झाला. गृहस्थ उठले, चपला घातल्या, "अच्छा, येतो," म्हणाले, आणि बंड्याने असा गळा काढला की त्यांची छडी पडली. त्यांनी थोडा विचार केला. "याचं इंग्रजी पक्कं आहे," ते म्हणाले. "मराठी कच्चं आहे. मराठीचा शिक्षक बघा."

हे शेवटचं बोलणं जिन्यात चाललं होतं, आणि मराठीचा शिक्षक समोरच्या दारात लुंगी नेसून उभा होता.

"उद्या सकाळी मी येतो बघायला," घाडीगावकर म्हणाले आणि लगेच जीभ चावून दुरुस्ती केली. "म्हणजे, उद्या सकाळी तुमच्याकडे गाडी लागेल."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ते आमच्या कॉटवर पाय मुडपून बसले. "मला एक फेरी बघू द्या. रोज निघता तसं निघा."

मी रोजच्यासारखा निघालो. म्हणजे डबा घेतला, छत्री घेतली, ती खाली ठेवली, बंड्यासमोर उकिडवा बसलो आणि त्याचे दोन्ही पंजे हातात घेऊन म्हणालो, "बाळा, मी काही मुद्दाम नाही रे जात. ऑफिस आहे. तुला एकटं टाकताना मला काय वाटतं ते मलाच माहीत. तू रागावू नकोस. मी लवकर निघायचा प्रयत्न करीन, पण साहेब..." बंड्याचे डोळे भरत चालले. माझेही. दारापर्यंत गेलो, परत आलो, कपाळावर हात फिरवला, पुन्हा दारापर्यंत गेलो.

"पाटकरानू," मागून मालवणी आली, "ह्यो निरोप आसा की कीर्तन?"

मी थांबलो.

"स्टँडवर तुमच्यासारखी माणसं मी रोज बघायचो. आत बसलेला पोरगा मजेत असतो. चिक्की खात असतो. खिडकीच्या गजाला त्याचे काका लोंबकळतात, सांभाळून जा रे, पोचल्यावर पत्र टाक रे, जपून रे. अर्धा तास. मग पोरगा रडायला लागतो. त्याला वाटतं, हे एवढे रडतायत म्हणजे मी कुठेतरी भयंकर ठिकाणी चाललोय. आमच्याकडे त्याला एकच औषध. डबल बेल! गाडी हलली की पाच मिनिटांत पोरगा पुन्हा चिक्की खातो. रडत राहतो तो काका."

सुमन स्वयंपाकघरातून म्हणाली, "मी हेच सांगत होते."

"आता दुसरं," घाडीगावकर म्हणाले. जागचे न हलता, चहाचा कप हातात धरून, कुणाकडेही न बघता ते साध्या आवाजात बोलले, "येतो."

बंड्याचा उभा कान पडला. तो थरथरायला लागला आणि दाराकडे बघत त्याने सूर काढला.

"गप रव. मी खंय जातंय!" बंड्या गप्प झाला. घाडीगावकरांनी चहाचा घोट घेतला. "आता हे बघा. जातो. मी जातो. हा मी गेलो." बंड्याने मागच्या पायाने कान खाजवला.

मग मेधा हळूच म्हणाली, "टॅक्सीत बसताना नाईककाकांनी त्याला कुरवाळलं होतं. म्हणाले होते, येतो हां, बंड्या."

बंड्या प्रत्येकाकडे बिस्किट मागत हिंडला.

"कुत्र्याची चूक नाही," घाडीगावकर म्हणाले. "तो ऐकतो तेच खरं धरतो. आपण जायला निघतो आणि सांगतो येतो! स्टँडवर मी असं पुकारलं असतं तर? मालवणला जाणारी गाडी येत आहे! दंगल झाली असती. जाणारी गाडी ती जाणारी. आणि ती सांगितली की येणारीही सांगायची, वेळेसकट. नुसतं येतो म्हणजे काय? वेळापत्रकच नाही!"

"पण घरातून निघताना जातो म्हणायचं?" सुमन पिठाच्या हातांनी बाहेर आली. "आमच्याकडे कुणी म्हणत नाही. जाते असं फक्त..." तिने वाक्य तोडलं आणि देव्हाऱ्याकडे पाहिलं. "अभद्र ते अभद्रच."

"वैनी, आमच्याकडे पण म्हणत नाहीत. म्हणून तर ही पंचाईत."

बराच वेळ घासाघीस झाली. सुमन अडून बसली. शेवटी ती म्हणाली, "जाऊन येते म्हणेन. याच्यापुढे एक अक्षर सोडणार नाही."

घाडीगावकरांनी डोळे मिटून विचार केला. "हे रिटर्न तिकीट झालं," ते म्हणाले. "चालेल."

त्या रविवारपासून आमच्या घराचा डेपो झाला. घाडीगावकरांनी घोषणा आखून दिली. दाराशी उभं राहायचं, बंड्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, साध्या सुरात सांगायचं, "जिन्याकडे जाणारी गाडी सुटत आहे. लगेच परत येईल." मग दाराच्या कडीवर टण टण, आणि बाहेर. बाहेर पडलं की श्वास घ्यायचा आणि आत यायचं. आत आल्यावर लाड नाहीत. "गाडी आली म्हणून कुणी ड्रायव्हरच्या गळ्यात पडतं का?"

पहिल्या फेऱ्या दार ते पायपुसणं. त्यांना ते शटल म्हणत. मग पहिला मजला. मग तळमजला. मग लखमशीचं दुकान. मी ऑफिसचे कपडे करून, डबा-छत्री घेऊन रविवारभर वरखाली करत होतो, कारण घाडीगावकरांच्या मते गाडीवर पाटी बरोबर हवी. लखमशीने मला एकाच सकाळी इतक्यांदा दारात येऊन काहीही न घेता परत जाताना पाहिलं की शेवटी त्याने मेधाला विचारलं, "तारे पप्पाने काय झालं? घरात घेत नाय काय?"

मी बाहेर जिन्यात उभा असे आणि आतून बारीक कण्हणं ऐकू येई. माझा हात कडीकडे जाई. घाडीगावकर माझं मनगट धरत. "रडत असताना परत गेलात तर तो काय शिकेल? हात दाखवला की गाडी थांबते. थांबा. श्वास घेऊ दे त्याला. हां, आता गप्प झाला, आता जा." मी आत जाई. चुकून "सॉरी रे" म्हणे. लगेच बाहेरून आरोळी, "फेरी रद्द! पुन्हा!"

पावसाळा सरत गेला तशा फेऱ्या लांबत गेल्या. स्टेशनपर्यंत. ठाण्यापर्यंत. मग सकाळचा अर्धा दिवस. एक दिवस चौबळ दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून दारात आले. मी घाबरून उभा राहिलो. "कुत्रा आजारी आहे का?" त्यांनी विचारलं. "काल दिवसभर आवाज नाही. मला शांततेने जाग आली."

आठवडा गेला, दुसरा गेला. बंड्या गप्प. सोसायटीच्या मांडवाचे बांबू आले. चौबळांनी सभेत उभं राहून सांगितलं की कुत्र्याचा विषय संपला आहे, आणि तो या इमारतीतला सगळ्यात शिस्तीचा रहिवासी आहे. घाडीगावकरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सुमनने त्या दिवशी त्यांना पुरणपोळी नेऊन दिली.

इथे गोष्ट संपली असती. पण गणपतीच्या आदल्या आठवड्यात मला ऑफिसात कणकण आली आणि मी दुपारीच परतलो. पहिला मजला चढलो आणि वरून ओळखीचा आवाज ऐकू आला. नेहमीसारखा खणखणीत नव्हता. हलका, कुणाच्या कानाशी बोलावं तसा.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. टेलिफोन खात्याकडून येणारी वैनींची गाडी वेळेवर आहे. कॉलेजकडून येणारी गाडी मैत्रिणींमुळे थोडी उशिरा धावत आहे. फोर्टकडून येणारी पाटकरांची गाडी संध्याकाळी..." मी कठड्याला धरून मान वर करून पाहिलं. घाडीगावकर आमच्या बंद दारासमोर, पायरीवर वर्तमानपत्र अंथरून बसले होते. बाजूला पाण्याचा तांब्या. पाठ टेकून, पाय लांब करून. नुकतं बसलेलं माणूस असं बसत नाही.

मला पाहून ते उठायला गेले आणि तांब्या लवंडला. "तपासणीसाठी आलो होतो," ते म्हणाले. "अचानक तपासणी."

म्हणजे हे सगळे दिवस बंड्या गप्प होता तो शिकला म्हणून नव्हे, बाहेर हे बसून होते म्हणून! चौबळांना मी काय सांगणार? मेधाला काय सांगणार? आणि या म्हाताऱ्या माणसाला मी महिनाभर जिन्यात बसवलं! सगळी अपराधीपणाची गाडी एकदम फलाटाला लागली. मी घाईघाईने कुलूप काढलं.

आत बंड्या कॉटखाली उताणा पडून घोरत होता. चारही पाय वर. दार उघडल्याचं त्याला कळलंही नाही. मी हाक मारली तर एक डोळा उघडला, मला ओळखलं, आणि मिटला.

मी वळून घाडीगावकरांकडे पाहिलं. ते पायरीवरचं पाणी वर्तमानपत्राने टिपत होते.

"सुरुवातीला बसायचो, तेव्हा तो आतून ऐकायचा," ते मान वर न करता म्हणाले. "आता नाही ऐकत. झोपतो. तेची सवय मोडली, पाटकरानू. माका लागली."

मी त्यांच्याजवळ पायरीवर बसलो. अंगात ताप होता, पण उठवेना. तेच बोलायला लागले.

त्यांची बायको जन्मभर गावी राहिली. म्हातारे सासूसासरे, भातशेती, दोन म्हशी. आणि मुंबईत यांची खोली चौघांत मिळून. रजा संपली की हे निघत. "निघताना म्हणायचं, येतंय गो. कधी, तां सांगूक नाय. माकाच खंय ठावक!" ती हसून मान हलवायची. कधी काही मागितलं नाही. ती गेली, तेव्हा वाडीतल्या बायकांनी यांना सांगितलं, की ती रोज संध्याकाळी शेतातून परतताना तिठ्यावर थांबायची. मुंबईची गाडी यायची. उतरणारी माणसं ती बघायची. मग घरी जाऊन चूल पेटवायची.

"हंय मी अख्खो दिवस सांगत होतंय, खंयची गाडी कधी येतली," ते म्हणाले. "सगळ्या दुनियेक. तिका सांगणारो कोण नाय होतो."

आतून बंड्याच्या घोरण्याचा आवाज येत होता. खाली चौबळही घोरत असावेत. मला आयुष्यात पहिल्यांदा 'सॉरी' हा शब्द सुचला नाही. मी खिशातून आमच्या घराची जादा किल्ली काढली आणि त्यांच्या हातात ठेवली.

"जिन्यात बसून वारा लागतो," मी म्हणालो. "उद्यापासून आत बसा. पंखा आहे. रेडिओ आहे. चहा तुम्हाला करता येतो."

त्यांनी किल्ली उलटसुलट करून पाहिली. घसा खाकरला. "कंट्रोलरचं केबिन," ते शुद्ध मराठीत म्हणाले. "ठीक आहे. स्वीकारलं."

आणि त्याच आठवड्यात, गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदा, घाडीगावकर गणपतीला गावी गेले. पुतण्याची पत्रं दरवर्षी येत आणि हे दरवर्षी ड्युटीचं कारण कळवत. निवृत्त झाल्यावरही कळवत. या वेळी ट्रंक घेऊन जिन्यात उभे राहिले. किल्लीने कठड्यावर टण टण. "मालवणकडे जाणारी गाडी दुसऱ्या मजल्यावरून सुटत आहे." तिन्ही मजल्यांवरची दारं उघडली. चौबळसुद्धा डोळे चोळत बाहेर आले. बंड्या शेपूट हलवत बघत होता.

चार पायऱ्या उतरून घाडीगावकर थांबले. ट्रंक खाली ठेवली. परत वर आले, बंड्यासमोर वाकले आणि त्याचा पडका कान उचलून म्हणाले, "येतंय रे."

मेधाने माझा हात धरला. बंड्याचा उभा कान किंचित हलला. त्याने घाडीगावकरांकडे पाहिलं, पुढचं ऐकायचं असल्यासारखं.

"गौरी-गणपती उठले की दुसऱ्या सकाळी," घाडीगावकर म्हणाले. "दुधाच्या वेळेक."

बंड्याने त्यांचा हात चाटला आणि घरात जाऊन कॉटखाली पडला. सुमन पदराने डोळे टिपत म्हणाली, "म्हणाले एकदाचे! आणि मला महिनाभर बोलू दिलं नाही."

गौरी-गणपती उठल्यावर, त्या ठरलेल्या सकाळी मी लवकर उठलो. दार उघडं टाकून पायरीवर बसलो. बंड्या येऊन माझ्या मांडीला टेकला. इमारत झोपलेली होती. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी हळूच म्हणालो, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. मालवणकडून येणारी गाडी..." माझा आवाज फारच वाईट निघाला. आतून सुमन म्हणाली, "पनवेल सुटली म्हणा. पनवेल सुटलीच असेल आता."

"पनवेल सुटली," मी बंड्याला सांगितलं.

थोड्या वेळाने चेंबूर गेलं. मग घाटकोपर. दूधवाल्याची सायकल फाटकाशी वाजली, बाटल्या किणकिणल्या, आणि मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटायला लागलं की उगीच कुत्र्याला आशेला लावलं.

बंड्याचा कान उभा राहिला. पडकासुद्धा.

खालून, तळमजल्याच्या कठड्यावर, किल्लीचा ठोका पडला. टण. एकच.

थांबा.